दोराचे दुसरे टोक

काही शब्द इतके रोजच्या हाताळणीतले असतात की त्यांच्यापाशी क्षणभर थांबावे असे आपल्याला वाटत नाही, आणि ‘दोर’ हा त्यांतलाच एक. घाटंजीसारख्या कापसाच्या गावी, वाघाडी नदीच्या अंगाने ज्याचे बालपण गेले, त्याचा दिवस गोठ्यातल्या दाव्यापाशी उगवायचा आणि बाजेच्या सैलावलेल्या सुंभावर मावळायचा; मधल्या वेळात विहिरीचा दोर, बैलांचा कासरा, गाडीवरचा कडबा आवळणारे चऱ्हाट, आणि घरात तान्हे मूल असेल तर आढ्याला बांधलेल्या पाळण्याची दोरी. इतके दोर या हातांखालून गेले, तरी त्या शब्दाकडे माझे लक्ष वळवले ते माझ्या आईने, आणि तेही घरापासून फार दूर, रायगडाच्या कड्यासमोर अधांतरी लोंबकळत असताना.

सज्जनहो, प्रसंग साधाच आहे. आईचे गुडघे थकले होते आणि महाराजांच्या समाधीवर एकदा डोके टेकवायचे हा तिचा जुना ध्यास होता. पायवाटेने चढायचे तर १,४०० हून अधिक पायऱ्या. म्हणून आम्ही पायथ्याच्या हिरकणीवाडीतून रोपवेने निघालो. १९९६ साली हा रज्जुमार्ग सुरू झाला. दोराची लांबी सुमारे ७६० मीटर, चढ सुमारे ४२० मीटर, आणि प्रवास चहा निवण्याआधी संपणारा. लोक त्या डब्याला पाळणाच म्हणतात. पाळणा जमिनीवरून सुटला, खाली झाडे बारीक होऊ लागली, आईने माझे मनगट घट्ट धरले आणि विचारले, “हा दोर तिकडून कोन धरून हाये रे?” मी म्हणालो, यंत्र. ती म्हणाली, “अन् यंत्राले?” तोवर वरचे स्थानक आले आणि प्रश्न तसाच राहिला. गेली कित्येक वर्षे मी तो मनात फिरवतो आहे, कारण दोर म्हटला की आपली नजर आपल्या हातातल्या टोकावर खिळते. दुसऱ्या टोकाची चौकशी करणारी ती मला पहिलीच भेटली.

किंबहुना पहिली नव्हे. पोळा जवळ आला की आमचे आबाजी ओसरीवर अंबाडीचा वाख घेऊन बसत, ढेऱ्यावर सुतळी कातत आणि मग तिचे पेड वळून दोर करीत. त्या कामात माझी नेमणूक ठरलेली असे : दुसरे टोक धरून उभे राहणे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला याहून कंटाळवाणे काम कोणते? डासाने चावा घेतला की माझी मूठ सैल व्हायची, सगळा दोर सापासारखा वेटोळा व्हायचा, आणि आबाजी मान वर न करता म्हणायचे, “सोडलं का पीय उतरला, बापू.” पेड एका दिशेने पिळायचे आणि ते एकमेकांत गुंफताना उलट दिशेने, म्हणजे एकाची सुटण्याची धडपड हीच दुसऱ्याला आवळून धरते, दोराचे बळ वाखात असते असे आपण समजतो, पण सुटा वाख तर मूलही तोडते, बळ त्या परस्परविरोधी पिळात असते, आणि पीळ टिकतो तो कुणीतरी दुसरे टोक धरलेले असते म्हणून. संस्कृतात ‘गुण’ या शब्दाचा एक अर्थ दोर, सूत असाही आहे. सत्त्व, रज आणि तम यांना गुण म्हणणाऱ्यांच्या मनात तीन पेडांचा दोर नसेलच असे मला म्हणवत नाही. एकटा सत्त्वाचा धागा घेऊन कुणी संसाराचे ओझे उचलल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

आता हाच दोर विहिरीवर पाहा. मोट मी लहानपणी पाहिली ती तिच्या अखेरच्या दिवसांत, तरी एक गोष्ट डोळ्यांसमोर लख्ख आहे : मोटेला दोन दोर असत. जाड नाडा मोटेचे ओझे उचलून वर आणी आणि बारीक सोंदूर तिच्या सोंडेला सांभाळून पाणी नेमके थारोळ्यात ओतवी. बैल ज्या धावेवरून चालत ती धाव विहिरीपासून दूर उतरती केलेली असे. बैल उतरत तेव्हा पाणी चढे. त्यांच्या ओढीला त्यांच्याच वजनाची साथ मिळे. खाली जाणारे वजन वर येणाऱ्या पाण्याची किंमत चुकवी. कुणा अनाम कुणब्याने हे कधी जोखले कोण जाणे, पण जगातले कितीतरी रज्जुमार्ग याच एका जाणिवेवर उभे आहेत, हे मला फार उशिरा कळले.

कारण रायगडाचे यंत्र तरी काय करते? एक पाळणा वर निघतो तेव्हा दुसरा खाली सुटतो. दोघे एकाच ओढदोराला जोडलेले असतात. पाळण्याचे वजन पाळण्याला तोलते, आणि दोन्हींतल्या प्रवाशांच्या भाराचा फरक आणि घर्षण एवढेच काय ते मोटारीला पुरवावे लागते. अशा मार्गांवर एक दोर ताणून स्थिर केलेला असतो, त्याच्यावर पाळण्याची चाके धावतात; दुसरा चालता दोर पाळण्याला ओढतो. नाडा आणि सोंदूर यांची आठवण यावी अशीच ही कामाची वाटणी. आई, तुझ्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे, की दुसरे टोक यंत्राच्या हाती नव्हते. ते समोरून उतरणाऱ्या, गडाचे दर्शन घेऊन परतणाऱ्या अनोळखी माणसांच्या पाळण्याला बांधलेले होते.

हा विचार माणसाला सुचून शतके लोटली. १६४४ साली डान्झिग शहरात आडाम वीबे नावाच्या डच कारागिराने टेकडीवरची माती तटबंदीपर्यंत न्यायला खांबांवरून फिरणारा अखंड दोर उभारला आणि त्याला टोपल्या लावल्या. पण तो दोर वाखाचा. माणसाचा जीव दोराच्या स्वाधीन करावा असा विश्वास यायला १८३४ साल उजाडावे लागले. जर्मनीतल्या हार्ट्‌स पर्वतातल्या खाणींत साखळदंड अवचित तुटत, म्हणून खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्टने लोखंडी तारा पिळून दोर केला : तीन पेड, प्रत्येक पेडात चार तारा. साखळीची एक कडी तुटली की सगळेच संपते. तारांच्या दोरात एक तार तुटली तर उरलेल्या तिचा भार वाटून घेतात, आणि तुटलेली तार पाहणाऱ्याला वेळेवर सावध करते. साखळी आणि दोर यांतला हा भेद मला केवळ यंत्रशास्त्राचा वाटत नाही, पण तो मोह इथे आवरतो. एक मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. पोलादी दोराच्या ऐन गाभ्यात कित्येकदा पोलाद नसतेच. तिथे वंगण मुरवलेली वाखाची किंवा घायपाताची वात असते, जी पेडांना आतून आधार देते आणि ताण पडला की थोडे थोडे तेल सोडत राहते. आमच्या शेताच्या बांधावर कुंपणाला लावलेले तेच घायपात! बाहेरून एवढा कणखर दिसणारा दोर आत इतका मऊ असतो.

या दोराने पुढे माणसाला बर्फावर नेले. १९०८ साली स्वित्झर्लंडच्या ग्रिंडेलवाल्ड गावी व्हेटरहॉर्न पर्वताच्या कड्यावर प्रवासी नेणारा पाळणा लागला; महायुद्ध आले, प्रवासी आटले आणि तो थांबला. १९३६ साली अमेरिकेतल्या सन व्हॅलीत जेम्स करन या रेल्वेच्या अभियंत्याने दोराला खुर्च्या टांगल्या, आणि ती कल्पना त्याला जहाजात केळीचे घड चढवणाऱ्या दोरावरून सुचली होती. आकड्याच्या जागी खुर्ची, घडाच्या जागी माणूस. आपल्याकडे गुलमर्गचा गोंडोला १९९८ साली कोंगडोरीपर्यंत आणि २००५ साली अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत पोहोचला. तिथे पाहण्यासारखी गंमत अशी की लोक दोराने वर जातात ते केवळ पुन्हा खाली येण्यासाठी, पायांना पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत. मराठीत ‘घसरणे’ हा बिचारा शब्द सदैव बदनाम. त्या उतारांवर मात्र घसरण ही साधना आहे, तोल हे तिचे तप आहे, आणि चढण तेवढी दोरावर सोपवलेली आहे. दऱ्याखोऱ्यांची ओढ माणसाला खाली नेते आणि दोर त्याला पुनःपुन्हा वर आणून सोडतो, हे दृश्य ज्याला केवळ क्रीडा वाटते त्याला तसे वाटो. मला त्यात रहाटगाडगे दिसते.

परंतु दोर दरवेळी नेतोच असे नाही, आणि दोराचे निरूपण करताना तुटलेल्या दोराला वगळता येत नाही. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर तानाजी पडले आणि मावळ्यांचे पाय मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजींनी कड्याचे दोर कापून टाकले असे परंपरा सांगते. ‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार याच कथेची आठवण करून देतो. चढवणारा दोर भीतीच्या क्षणी पळवाट होऊ लागला, म्हणून त्याला तोडावे लागले. आणि रायगडावरची हिरकणी? दरवाजे मिटले, तान्हे मूल खाली वाडीत, आणि गवळण कडा उतरून गेली. कथेत तिच्या हाती दोर नाही. मी मात्र म्हणतो की होता. एका टोकाला घरातला पाळणा आणि दुसऱ्या टोकाला तिचे काळीज, एवढा ताणलेला दोर दुसरा कुठला? त्याच कड्याखालच्या वाडीतून आज पाळणे निघतात, हा योगायोग मी उगाच उकलत बसत नाही.

वेदान्तात तर दोराला मानाचे स्थान आहे, पण तेही थोडे अन्यायाचेच. अंधुक प्रकाशात दोरावर साप भासतो, दिवा आणला की साप मावळतो आणि दोर उरतो. दृष्टान्त सांगणारे सारे सापाविषयी बोलतात, तो गेल्याचा आनंद करतात, आणि दोर तिथेच पडून राहतो. रोपवेचा पाळणा खांबावरून जाताना एक गचका बसतो, डबा झुलतो आणि पोटात गोळा येतो. तो गोळा म्हणजे तोच साप. हा दोर-सापाचा दृष्टान्त सांगणाऱ्या शंकराचार्यांचे ज्योतिर्पीठ ज्या जोशीमठात, तिथूनच औलीच्या बर्फाळ उतारांकडे सुमारे चार किलोमीटरचा रज्जुमार्ग जात असे. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी खेळ त्याच उतारांवर झाले. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठाची जमीन खचली, घरांच्या भिंतींना तडे गेले आणि तो मार्ग बंद करावा लागला. दोर जागच्या जागी होता. त्याने ज्या भूमीला धरले होते तिनेच हात सैल केला. “अन् यंत्राले?” या आईच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा माझ्या ध्यानी आले : यंत्राला डोंगर धरून असतो, आणि डोंगराची सहनशीलता किती याचा हिशेब दोर बांधण्याआधी करायचा असतो.

कुणी म्हणेल, पायांनी चढल्याविना दर्शनाला पुण्य कसले? आमच्या भागातली कुळेच्या कुळे माहूरच्या रेणुकामातेची. माझी आजी पैनगंगा ओलांडून बैलगाडीने जाई आणि गडाच्या प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावीत चढे. आता त्याच गडावर लिफ्ट आणि स्कायवॉकचे काम हाती घेतले गेले आहे. आणि लिफ्ट म्हणजे तरी उभा केलेला रज्जुमार्गच, माणूस चढतो तेव्हा मागे तोलाचे वजन उतरते. वणीच्या सप्तशृंगीला २०१८ पासून रुळांवरची ट्रॉली दोराने ओढली जाते आणि सुमारे ५०० पायऱ्यांचा चढ सरतो. केदारनाथासाठी सोनप्रयागपासून १२.९ किलोमीटरच्या रज्जुमार्गाला मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. आठ-नऊ तासांची वाट ३६ मिनिटांवर येईल असे सांगतात. मला या वेगाचे भय वाटते, हे लपवत नाही. वाट हीही उपासना असते आणि ती गुंडाळून खिशात घातली की शिखरावर गर्दी उरते. शिवाय डोलीवाल्यांचे काय? कालपर्यंत थकलेल्या भाविकाचा दोर म्हणजे त्यांचे खांदे होते. तरीही ज्यांचे गुडघे उरलेले नाहीत त्यांना पायरीचे पुण्य सांगण्याचा अधिकार धडधाकट माणसाला आहे, असे मला वाटत नाही. आजीने हळदकुंकू लावले ते पायरीला, आणि आईने पाळण्यात शिरण्याआधी वाकून हात लावला तो त्याच्या लोखंडी उंबऱ्याला. दोघींचे वाकणे मी पाहिले आहे, आणि त्यांत उणेअधिक मला करता येत नाही.

त्या दिवशी समाधीपाशी आई पुष्कळ वेळ बसली. परतताना पाळण्यात तिने मनगट धरले नाही, खिडकीशी बसली. एकाच दोराला बांधलेले असल्यामुळे दोन्ही पाळणे बरोबर अर्ध्या वाटेवरच एकमेकांना ओलांडतात. खालून येणारा पाळणा समोर आला, त्यात एक म्हातारा डोळे गच्च मिटून बसला होता आणि शाळेची पोरे हात हलवत होती. आई किंचित उठली, काचेतून त्यांना हात जोडले आणि म्हणाली, “या, आमी उतरतो.”