ठरलेला चेहरा आणि समोरचा चेहरा

व्यक्तिचित्रणाच्या अभ्यासात हाताच्या सफाईपेक्षा डोळ्याची शिस्त अधिक निर्णायक ठरते, कारण नवशिक्याच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी, समोर माणूस बसलेला असतानाही मनात आधीच साठवलेला चेहरा कागदावर उतरवण्याची सवय असते. बदामी डोळा, दोन रेषांचे नाक, धनुष्याकृती ओठ या खुणा लहानपणीच हातात बसतात आणि पुढे त्या पाहण्याच्या आड येतात; प्रत्यक्ष निरीक्षणातून नियमित केलेल्या रेखाटनाचे पहिले काम या खुणा मोडण्याचे असते.

बीड जिल्ह्यातील शाळकरी मुलांची चित्रकलेशी औपचारिक ओळख होते ती प्रायः राज्याच्या कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांतून. या परीक्षांत वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तू पाहून काढायचे चित्र, आणि स्मरणचित्र, म्हणजे दिलेल्या विषयावर आठवणीतून रचायचे चित्र, असे दोन स्वतंत्र विभाग असतात; परिणामी तांब्या आणि वांगे पाहून काढले जाते, माणूस मात्र आठवणीतून. स्मरणाला कमी लेखण्याचे कारण नाही, परंतु निरीक्षणाने न भरलेल्या स्मरणातून प्रत्येक बाजारात तोच शेतकरी आणि तीच भाजीवाली बाहेर येते. १८९० मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झालेल्या आणि पुढे तेथेच दीर्घकाळ अध्यापन केलेल्या म. वि. धुरंधरांच्या गर्दीच्या चित्रांत माणसे एकमेकांपासून वेगळी ओळखू येतात, ती आयुष्यभर माणसे पाहून केलेल्या रेखाटनांच्या बळावर.

या अभ्यासाची सुरुवात प्रमाणापासून करावी लागते. प्रौढ माणसाच्या डोळ्यांची रेषा डोक्याच्या एकूण उंचीच्या साधारण मध्यावर येते आणि दोन डोळ्यांमधील अंतर जवळपास एका डोळ्याएवढे असते. तरीही नवशिका डोळे वर सरकवतो, कारण कपाळ आणि टाळूचा भाग त्याला रिकामा वाटतो. फेटा, पटका, टोपी किंवा डोक्यावरचा पदर यांमुळे ग्रामीण भागात ही चूक अधिक सहज घडते, कारण डोक्याचा माथा झाकलेला असतो आणि कापडाखालच्या कवटीचा गोल मनाने जोखून मगच कापड काढावे लागते. प्रकाशाचेही तसेच आहे. जिल्ह्यातील बालाघाट डोंगररांगेच्या माळावर भर दुपारी डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि गालांची प्रतले, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वळलेले पृष्ठभाग, नाहीशी होतात. ओसरीत एका बाजूने येणाऱ्या उजेडात तीच प्रतले स्पष्ट वाचता येतात. भारतीय परंपरेत चित्राची जी षडंगे, म्हणजे सहा अंगे, सांगितली आहेत, त्यांत प्रमाण आणि सादृश्य यांची स्वतंत्र गणना आहे, आणि ती योग्य आहे: प्रमाण मोजता येते, तर सादृश्य, म्हणजे त्या एका माणसाशी असलेले साम्य, प्रमाणापासून तो माणूस नेमका कोठे ढळतो हे पाहिल्यावरच सापडते.

एस. टी. स्थानकावर किंवा बीड तालुक्यातील नेकनूरच्या आठवडी बाजारात मिळणारी एक-दोन मिनिटे डोक्याचा कल आणि मानेचा भार टिपण्यापुरतीच असतात, म्हणून त्यांच्या जोडीला घरातील एकाच व्यक्तीची, तिच्या संमतीने, वारंवार केलेली दीर्घ रेखाटने हवीत. प्रत्येक कागदावर तारीख घालून तो जपला, तर तीच जिवणी पुन्हा पुन्हा रुंद होते की हनुवटी आखूड राहते, हे दिसू लागते.

येथे बीडपुरता एक प्रश्न उभा राहतो. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघून जातात आणि अनेक गावांत हंगामभर प्रामुख्याने वृद्ध मागे उरतात. वृद्ध चेहऱ्यात हाडांची रचना उघड असल्याने अभ्यासाला तो उपकारक आहे, परंतु त्याचाच मोहही आहे. सुरकुत्यांचे जाळे आणि मळका फेटा एवढ्यावर कष्टाचे चित्र पुरे झाले असे मानण्याची प्रथा मराठी व्यक्तिचित्रणात फार रुजली असून, दुष्काळी आणि ऊसतोड मजुरांचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील माणूस तर पाहण्याआधीच प्रेक्षकाच्या मनात रंगवलेला असतो. हा ठरीव चेहरा बदामी डोळ्याइतकाच खोटा आहे, आणि तो ज्याच्यावर लादला जातो त्याच्यावर अन्याय करणाराही. म्हणून हंगाम संपवून परतलेल्या तिशी-चाळिशीतल्या स्त्रीचा चेहरा अभ्यासासाठी अधिक मोलाचा मानला पाहिजे. त्यावर आधाराला सुरकुती नसते, तारुण्याची गोलाईही ओसरलेली असते, आणि गालाचे हाड, पापणीचे वजन व ओठांची घडी यांच्यातील बारीक अंतरे पाहिल्याखेरीज ती कोण आहे हे कागदावर येत नाही.