नाव नसलेले नाताळगीत

ज्या गीतात प्रभू येशूचे नाव नाही, गव्हाण नाही, मेंढपाळ वा देवदूत नाहीत, त्याला नाताळगीत म्हणावे काय? काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात नाताळ संमेलनाच्या तयारीच्या वेळी हा प्रश्न निघाला आणि आम्ही तो फारसा विचार न करता निकालात काढला. एका वयोवृद्ध गृहस्थांनी बिंग क्रॉस्बी यांची 'व्हाइट ख्रिसमस' ही तबकडी लावावी, अशी विनंती केली होती. त्यांची सारी हयात बोटीवरच्या नोकरीत गेलेली. "यात बर्फ आहे; ख्रिस्त कुठे आहे?" असे आम्ही म्हणालो. सभेत हशा पिकला. ते काही बोलले नाहीत. तबकडी पिशवीत घालून घरी गेले. त्या हशाची लाज आम्हांस आजही वाटते.

आमच्या म्हणण्यात तथ्य मुळीच नव्हते, असे मात्र नाही. गीताचे कर्ते अर्व्हिंग बर्लिन हे ज्यू. ध्वनिमुद्रण झाले लॉस एंजलिसमध्ये, २९ मे १९४२ रोजी, म्हणजे हिमाचे स्वप्न ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर गाऊन घेतलेले! पुढे त्या तबकडीच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्याचा अंदाज आहे. याला बाजारचा माल म्हणण्याचा मोह कुणालाही व्हावा. खुद्द क्रॉस्बी यांनाही ही सीमारेषा ठाऊक होती. ते कॅथोलिक होते. १९३५ साली 'सायलेंट नाइट' तबकडीवर गाण्यास ते प्रथम राजी नव्हते. पवित्र गीतावर पैसा मिळवणे त्यांच्या मनाला पटेना. उत्पन्न धर्मादाय कार्याला देण्याचे ठरले, तेव्हाच ते गायले. 'व्हाइट ख्रिसमस'च्या वेळी असा संकोच त्यांना वाटला नाही. म्हणजे एक गीत देवाचे आणि दुसरे दुकानाचे, असा सरळ हिशेब मांडता येतो.

पुढे बर्लिन यांचे चरित्र वाचनात आले आणि हा हिशेब आम्हांस जड जाऊ लागला. त्यांची पत्नी एलिन मॅके ही कॅथोलिक. वडिलांचा तीव्र विरोध पत्करून तिने १९२६ साली हे लग्न केले. त्यांचा एकुलता एक मुलगा अवघ्या काही आठवड्यांचा असताना वारला, तो दिवस होता २५ डिसेंबर १९२८. गीत त्या बाळासाठी लिहिले, असा दावा आम्ही करणार नाही. परंतु सारे जग आनंद करीत असताना रिकाम्या पाळण्याकडे पाहणे काय असते, हे त्याच्या कर्त्याला ठाऊक होते, एवढे तरी मानावेच लागेल.

आणखी एक गोष्ट आमच्या गावीही नव्हती. या गीताला आरंभीचे एक कडवे आहे आणि क्रॉस्बी यांच्या तबकडीत ते गाळलेले आहे. त्यात ऊन आहे, हिरवळ आहे, चक्क डोलणारे माड आहेत! कॅलिफोर्नियात अडकलेला माणूस उत्तरेकडच्या आपल्या नाताळची आठवण काढतो आहे. ते कडवे माहीत असते, तर बर्फाची चेष्टा आम्ही केली नसती. हे गीत हिमाचे नव्हेच, अंतराचे आहे. क्रॉस्बी यांनी ते रेडिओवर प्रथम गायले २५ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अठराव्या दिवशी. पुढे परदेशी रणभूमीवरचे सैनिक ते पुन्हा पुन्हा मागत. ऐकून ते खिन्न होतात, म्हणून क्रॉस्बी गायला कचरत. पण सैनिक ऐकत नसत. आमचे ते बोटीवरचे गृहस्थ वेगळे काय मागत होते?

देवाचे नाव नसल्याने एखादी रचना परकी होते, हा आमचा आक्षेपही बायबलपुढे टिकत नाही. एस्तेरच्या ग्रंथाच्या मूळ हिब्रू पाठात देवाचे नाव एकदाही येत नाही. तरी तो पवित्र शास्त्रात आहे. तबकडीला शास्त्राच्या पंक्तीला बसवण्याचा आमचा मुळीच विचार नाही. पण नाव उच्चारले गेले की नाही, एवढ्याच कसोटीवर माणसाची आर्तता मोजणे किती उथळ आहे, ते यावरून दिसते.

आता राहिला सच्चेपणाचा मुद्दा. १९४२ ची मूळ मुद्रिका प्रती काढून काढून इतकी झिजली, की १९ मार्च १९४७ रोजी तोच वाद्यवृंद आणि तोच गायकवृंद बोलावून गीत पुन्हा मुद्रित करावे लागले. आज बहुधा कानी पडते ते हे दुसरे. युद्धकाळातला आवाज ऐकतो आहोत असे समजून माणसे सद्गदित होतात, ती वस्तुतः नकलेवर. त्यांची भावना म्हणून खोटी ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. सैनिकांनी मागून मागून झिजवली, म्हणूनच तर दुसरी करावी लागली.

मिस्साच्या वेळी हे गीत गाऊ नये, हे आमचे मत आजही कायम आहे. उपासनेची शिस्त वेगळी. पण मंडपातल्या संमेलनात त्याला मज्जाव करण्याचा अधिकार आम्हांस कुणी दिला होता? ते गृहस्थ आता हयात नाहीत. गेल्या नाताळात त्यांच्या मुलाकडून ती तबकडी आम्ही मागून आणली आणि कार्यक्रमात सर्वप्रथम लावली.