दिवेलागणीनंतर

बसा. पाठ भिंतीला टेकू द्या. हात मांडीवर सैल सोडा.

एक श्वास आत घ्या. सोडायची घाई नको.

आता एक खिडकी डोळ्यांसमोर आणा. लातूरची. ट्यूशन एरियातल्या एका होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरची. रात्रीचा एक वाजून गेला आहे. गल्लीतली मेस कधीच बंद झाली. खाली एक कुत्रं अंगाचं मुटकुळं करून पडलं आहे.

खिडकीत पांढरा उजेड आहे.

त्या उजेडाकडे बघा. नुसतं बघा.

आत टेबल आहे. टेबलावर जीवशास्त्राचं पुस्तक उघडं आहे. पानावर एक बोट टेकलं आहे. सतरा वर्षांची मुलगी, मुखेडकडच्या एका गावाहून आलेली, नीटची तयारी करते आहे.

तिच्याबद्दल काही ठरवू नका. पानावर पडलेल्या उजेडापाशीच थांबा.

श्वास आत. श्वास बाहेर.

तो उजेड पानावरून उठतो आणि तिच्या डोळ्यांत शिरतो. आपणही त्याच्या मागोमाग जाऊ. सावकाश.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर काही पेशी आहेत. अक्षरं वाचणं हे त्यांचं काम नव्हे. बाहेर उजेड किती आहे, एवढंच त्या मोजतात. माणसाला डोळे आहेत तेव्हापासून त्या आहेत. विज्ञानाला मात्र त्यांची नीट ओळख पटली ती 2002 मध्ये.

या पेशी सगळ्यात जास्त जागतात त्या निळ्या उजेडानं. स्वच्छ आभाळाच्या निळ्यानं.

आता पुन्हा खिडकीकडे बघा. एलईडीचा उजेड पांढरा दिसतो. त्या पांढऱ्यात निळा मिसळलेला आहे. हातातल्या मोबाइलच्या पडद्यातही आहे.

थांबा. हे आत उतरू द्या.

आणखी आत जाऊ. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे जरा वर पेशींचे दोन पुंजके आहेत. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. मिळून सुमारे 20,000 पेशी.

हे शरीराचं घड्याळ.

भूक, अंगातली ऊब, डोळ्यांवरची झापड, सगळं त्याच्या तालावर चालतं. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीतही असंच एक घड्याळ फिरतं आहे. ते कसं चालतं याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना 2017 मध्ये नोबेल मिळालं.

तुमच्याही आत ते आता चालू आहे. आवाज येत नाही. तरी कान द्या.

सांज होते. उजेड मऊ होतो, तांबूस होतो, विझतो. हे घड्याळ ती खूण ओळखतं. रोजच्या झोपेच्या दोनएक तास आधी रक्तात मेलॅटोनिन उतरू लागतं. अंग हळूहळू निवतं. पापण्या जड होतात.

खिडकीतल्या मुलीला ही खूण मिळालेली नाही. आभाळातली सांज आली आणि गेली, तेव्हा ती क्लासमधल्या दिव्यांखाली होती. मग मेसमधले दिवे. मग अभ्यासिकेतले. मग हा.

तिच्या आतलं घड्याळ अजून रात्रीची वाट बघतं आहे.

श्वास आत. श्वास बाहेर.

माणसाचं हे घड्याळ स्वतःच्या चालीनं चाललं, तर त्याचा दिवस चोवीस तासांहून थोडा लांब असतो. सरासरी दहा-बारा मिनिटांनी. सकाळचं ऊन ते रोज ओढून जागेवर आणतं. रात्रीचा उजेड ते पुढे ढकलतो. सतराव्या वर्षी तर ते मुळातच उशिराकडे झुकलेलं असतं.

त्यात लातूरचा सूर्य. आपलं भिंतीवरचं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाची वेळ दाखवतं. लातूरवर सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी 24 मिनिटं उशिरा. नांदेडवर 21 मिनिटं. सकाळी सातचा क्लास भरतो, तेव्हा या मुलीच्या आत अजून रात्रच असते.

तिचे डोळे चुरचुरतात. ती पाण्याचा हबका मारते. पुन्हा बसते.

तिच्याजवळ थोडं थांबा. काही बोलू नका.

याच घटकेला अर्धापूरकडे एका शिवारात कुणीतरी जागं आहे. लाईट आली आहे. कृषिपंपाची लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. आज रात्रीची पाळी आहे. मोटार चालू करून, बॅटरीच्या उजेडात तो केळीला पाणी देतो आहे, दारं धरतो आहे. पाय चिखलात, डोळे सापाच्या धाकानं जमिनीवर. त्याची रात्र वीज ठरवते. पंपाला दिवसा सौर वीज मिळावी म्हणून राज्यात 2017 पासून योजना आहे. ज्या शिवारात दिवसाची लाईट पोचते, तिथल्या घराला रात्र परत मिळते.

त्यालाही एक श्वास द्या.

आता स्वतःच्या खोलीत या. वरचा दिवा बघा. घरातला साधा उजेड शंभर-दोनशे लक्स भरतो. उन्हाळ्यात माळवदावर बाज टाकून झोपणाऱ्याच्या अंगावर पौर्णिमेचं चांदणं पडतं, ते पाव लक्सच्या आसपास. दुपारचं ऊन लाखाच्या घरात जातं. शरीर या दोन टोकांमध्ये घडलं आहे. दिवसा भरपूर, रात्री जवळजवळ काही नाही.

मोठा दिवा मालवा. लागलाच तर कोपऱ्यात झिरोचा पिवळा बल्ब राहू द्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

डोळे उघडेच ठेवा. अंधाराला डोळ्यांपर्यंत येऊ द्या. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. मग दाराची कड दिसते. मग खुंटीवरचा सदरा.

श्वास आत. श्वास बाहेर. आत काहीतरी सैल होतं आहे का, बघा.

उद्या उठल्यावर पहिली वीस मिनिटं उघड्यावर काढा, गच्चीवर, अंगणात, चालत. सकाळचं ऊन डोळ्यांना मिळालं, की रात्रीची झोपही वेळेवर येते.

आणि घरातलं लेकरू परीक्षेला बसणार असेल, तर आज अकरा वाजता त्याच्या दारात जा. वाचलेलं झोपेतच पक्कं होतं, हे त्याला सांगा. आणखी एक धडा उद्या होईल. म्हणा, लाईट बंद कर बाळा, झोप आता.