पायाला लागलेला हात



पाया पडणे म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या संप्रदायात कोणी विचारत नाही. एकाने पायावर डोके ठेवावे, दुसऱ्याने लगेच वाकून त्याच्या पायाला हात लावावा, हे आपण चालता येऊ लागल्यापासून करतो. चाळीस वर्षे मी नारदाच्या गादीवर उभा राहिलो. या पायांना किती हात लागले त्याची गणती नाही, आणि त्या हातांचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असे मी धरून चाललो होतो. तो अर्थ अपुरा होता. हे मला कळले ते ऑस्ट्रेलियात, सिडनी शहरातल्या पोहण्याच्या एका तलावात.

थोरली लेक तिकडे असते. गेल्या वर्षी तिने आम्हा उभयतांना नेले होते. गुडघ्यांना पाण्यातला व्यायाम बरा, म्हणून जावईबापू मला एका मोठ्या तलावावर घेऊन गेले. २००० सालच्या ऑलिंपिकच्या पोहण्याच्या शर्यती तिथेच झाल्या. जगज्जेते जिथे पोहले तिथे आज तिकीट काढून कोणीही पोहते, याचेच मला आधी नवल वाटले. पाण्यात उतरण्यापूर्वी साबण लावून अंग धुवायचे. कपाळीचा बुक्का वाहून गेला. तुळशीची माळ गळ्यातच राहिली, तिला कोणी हरकत घेतली नाही. नातवाची तोकडी चड्डी घालून काठावर उभा राहिलो तेव्हा कटीवर हात ठेवण्याचीसुद्धा लाज वाटली.

तलाव पन्नास मीटर लांब. तरंगत्या मण्यांच्या दोऱ्यांनी त्याचे उभे पट्टे पाडलेले, एकेक पट्टा अडीच मीटर रुंद, तळाशी काळी रेघ. एका पट्ट्यात पाच-सहा जण पोहतात. जाताना आपल्या डाव्या अंगाने जायचे, येतानाही आपल्या डाव्या अंगाने यायचे, रस्त्यावरच्या गाड्यांसारखे. काठावर पाट्या: स्लो, मीडियम, फास्ट. पट्टा कोणी नेमून देत नाही. आपला दम आपण ओळखायचा आणि तिथे उतरायचे. अधिकार हा शब्द आपण कीर्तनात फार वापरतो. तिथे त्याच्या पाट्याच लावल्या होत्या.

मी मीडियममध्ये उतरलो. गावच्या विहिरीत पाठीला कोरडा भोपळा बांधून शिकलेला मी, तरुणपणी आषाढात भरलेल्या चंद्रभागेत हात मारलेला. स्लोमध्ये सगळी म्हातारी माणसे दिसत होती. मी चौऱ्याहत्तरचा, पण म्हातारी ती!

आपले पोहणे विहिरीतले. डोके वर, हातपाय चहूकडे. अर्धा तलाव गेलो असेन तोच तळपायाला कोणाची तरी बोटे लागली. माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. वाटले, इथेही ओळखीचा कोणी मराठी माणूस भेटला, पाया पडतो आहे. मी सुखावून तसाच पोहत राहिलो. पुन्हा बोटे लागली. पुन्हा एकदा. भिंतीशी पोहोचून वळून बघतो तो मागे पांढऱ्या केसांच्या एक बाई, त्यांच्यामागे आणखी तिघे ताटकळलेले. बाई हसल्या, ‘जाऊ का?’ असे हातानेच विचारले आणि मासोळीसारख्या निघून गेल्या. जावईबापूंनी मग रीत सांगितली. पायाला हलके बोट लावले म्हणजे, मी तुमच्या मागे आहे, भिंतीशी पोहोचलात की कोपऱ्यात क्षणभर थांबा, मला पुढे जाऊ द्या. त्यात राग नसतो, अपमानही नसतो.

त्या रात्री झोप आली नाही.

आमच्या गावच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन एकतीस वर्षे माझे होते. माझ्या मागे टाळ धरणारा एक मुलगा होता. गळा गोड, पाठांतर माझ्याहून पक्के, निरूपणाची समज उपजत. दरवर्षी काल्याच्या आधी तो येऊन पाया पडे आणि क्षणभर तसाच थांबे. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवी आणि गादीवर चढे. पुढे माझा आवाज फाटू लागला, प्रमाणे विसरू लागलो, ती तोच मागून उचलून धरी. त्यालाही मी सेवाच समजलो. गावकरी मला काही म्हणाले नाहीत. तोंडासमोर कोण म्हणणार?

आपण म्हणाल, महाराज, वडीलधाऱ्यांचा मान ठेवायचा की त्यांना बाजूला सारायचे? मीही मनाशी हेच भांडलो. पण मला त्या तलावातून कोणी बाहेर काढले नव्हते. हळू पोहण्याला तिथे दोष नाही. स्लोच्या पट्ट्यातले पाणी तेच आणि पन्नास मीटरही तेच. पोहणाऱ्याला मागचे दिसत नाही, हाही दोष नाही. तीनदा बोट लागूनही मी त्याचा मला आवडेल तोच अर्थ लावला, इथे खोट होती.

दहावीतल्या नातवाने दुसऱ्या दिवशी त्याच्या इतिहासाच्या तासातली एक गोष्ट सांगितली. तिथल्याच मोरी नावाच्या गावात सार्वजनिक तलावात मूळनिवासी लोकांना बंदी होती. १९६५ साली चार्ल्स पर्किन्स हा त्यांच्यातलाच विद्यार्थी सिडनी विद्यापीठातली मुले बसमध्ये घेऊन तिथे गेला आणि मूळनिवासी लेकरांना पाण्यात उतरवण्यासाठी झगडला. जमावाने त्यांच्यावर अंडी आणि टोमॅटो फेकले. मी त्याला साने गुरुजींचे १९४७ सालचे पंढरपूरचे उपोषण सांगितले. त्याने विचारले, “आजोबा, विठ्ठलाच्या दारात कोण अडवत होतं?” मी म्हणालो, “आधी आत पोहोचलेले.” बोललो आणि गप्प झालो.

आपल्या सप्ताहात वीणा खाली टेकत नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. देणाराही त्याच्या पाया पडतो. तिथे पायाला लागलेल्या हाताचा अर्थ पोरासोरांनाही कळतो. हे मी हजारदा पाहिले होते, स्वतः केले होते.

गादी मी सोडली ती गुडघ्यांनी साथ सोडल्यावर. तोवर तो मुलगा पन्नाशीला आला होता आणि सप्ताहाला येणे त्याने केव्हाच बंद केले होते. सिडनीहून परतल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याने वाकण्याआधी मी वाकलो. तो ओशाळला. यंदाचा काला तू कर, म्हणालो, तर म्हणाला, “महाराज, आता माझाही दम पुरत नाही.” चहा झाला. विचार करून कळवतो म्हणाला आहे. सप्ताहाला अजून दीड महिना आहे. पत्रिका मी छापायला दिलेली नाही.