हॅरिएट पॉवर्स यांची गोधडी आणि ईश्वरी न्यायाचा प्रश्न

ईश्वराचे सांगणे धर्मग्रंथाच्या शेवटच्या पानाशी संपते की रोजच्या घडामोडींतूनही चालू राहते, हा ख्रिस्ती विचारातला जुना वाद आहे. हॅरिएट पॉवर्स (१८३७–१९१०) यांनी त्याला कापडातून उत्तर दिले. अमेरिकेतील जॉर्जियात, अथेन्सजवळ, त्या गुलामगिरीत जन्मल्या. त्यांच्या दोन गोधड्या आज जपलेल्या आहेत. पहिली १८८६ साली अथेन्सच्या कापूस-मेळ्यात मांडली होती. पॉवर्स यांना ती विकायची नव्हती. पुढे घरची ओढाताण वाढली आणि चित्रकलेच्या शिक्षिका जेनी स्मिथ यांना ती पाच डॉलरला द्यावी लागली. स्मिथ यांनी मात्र एकेका चौकटीचा अर्थ पॉवर्स यांच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवला.

दुसरी, १८९५ ते १८९८ च्या सुमाराची, बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. तिच्या पंधरा चौकटींत रंगीत सुती कापडाच्या आकृत्या कापून शिवल्या आहेत. पश्चिम आफ्रिकेतील दाहोमेच्या कापडी चित्रांशी त्यांचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. बायबलमधल्या मोशे, योना आणि ईयोब यांच्या शेजारी १८३३ चा उल्कावर्षाव आहे. तो पॉवर्स यांच्या जन्माआधीचा, म्हणजे लोकांच्या तोंडून आलेला. जगाचा अंत आला असे वाटून माणसे हादरली, पण देवाच्या हाताने तारे थोपवले, असा अर्थ त्यांनी सांगितला. जुन्या करारातल्या घटना म्हणजे नव्या कराराची पूर्वछाया, असे धर्मपंडित मानत आले. पॉवर्स ती साखळी येशूपाशी न थांबवता आपल्या काळापर्यंत आणतात.

यातून अधिक अवघड प्रश्न उभा राहतो: घटना जर ईश्वराची खूण असेल, तर आपत्ती ही शिक्षा मानायची का? एका चौकटीत देवाविषयी काहीच न शिकवलेली श्रीमंत माणसे अनंत शिक्षेला जातात. तिथे हिशेब सरळ आहे. फेब्रुवारी १८९५ च्या कडाक्याच्या थंडीच्या चौकटीत तो कोलमडतो. प्रार्थना करणारी बाई गोठून मरते, तसाच दारूच्या सुरईशी बसलेला माणूसही. पिठाची गोणी नेणाराही सुटत नाही. पॉवर्स यांनी इथे कोणाच्या पापाचे कारण जोडलेले नाही. गोधडीचे खरे धर्मचिंतन इथेच आहे. सुसूत्र प्रवचनाला पापाची शिक्षा की अकारण दुःख, यांतली एक बाजू निवडावी लागली असती. गोधडीत दोन्ही शेजारी राहतात. पहिल्याच चौकटीतला ईयोब, निर्दोष असून सारे गमावलेला, आपल्या शत्रूंसाठी प्रार्थना करतो आहे.