घर घेऊन निघालेला यात्रेकरू

यात्रेस निघालेल्या मनुष्याने सोबत किती घर न्यावे, हा प्रश्न वरवर सामानसुमानाचा वाटतो. परंतु धर्मशास्त्राच्या ज्या निबंधकारांनी वाहनात बसून गेल्यास तीर्थफल किती उणावते आणि पायांत जोडा घातल्यास किती, याचा हिशेब सावकाराच्या चोखपणाने मांडून ठेवला, त्यांच्या दृष्टीने तो धर्माचाच प्रश्न ठरला असता. पैठणच्या घराण्यातील, पण काशीस स्थायिक झालेल्या नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला, तेव्हा त्यांच्यापुढे बैलगाडी, घोडा आणि पालखी होती. शेगडी, शय्या, शौचकूप आणि पाण्याची टाकी पोटात घेऊन घाट चढणारे घर त्यांच्यापुढे नव्हते.

आमच्या वर्धा जिल्ह्यातील अल्लीपुरात मात्र ते अवतरण्याच्या बेतात आहे. कापसाचा शेवटचा वेचा आटोपला की एका कुटुंबाने भाड्याची कॅरव्हॅन आणून श्रीशैलास जाण्याचे ठरविले आहे, आणि त्या बेताचे दप्तर एखाद्या जुन्या मामलेदाराने शाबासकी द्यावी इतके टापटिपीचे आहे. हिंगणघाटास हमरस्ता गाठावयाचा, पांढरकवड्यावरून सरहद्द ओलांडून आदिलाबाद, निर्मल, हैदराबाद, आणि तेथून दक्षिणेस नल्लमल्लाच्या डोंगरात शिरावयाचे. दुसऱ्या राज्याचा कर व परवाना, गाडी चालत असता गॅसच्या सिलिंडरची चावी बंद ठेवण्याची दक्षता, उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरण्याची ताकीद, सांडपाणी कोठे रिकामे करावयाचे त्याची तजवीज, असा सारा तपशील त्यात आहे. अमराबादच्या व्याघ्रप्रकल्पातून जाणारा रस्ता रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत बंद असतो आणि अरण्यात मनास येईल तेथे मुक्काम टाकण्याची मुभा नाही, हेही त्यांनी टिपून ठेवले आहे. शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले तेव्हा हे शहरी लोकांचे चोचले म्हणून आम्ही हसलो होतो. पण या घरातील आजींचे गुडघे पाहिल्यावर आणि श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाच्या दर्शनाची त्यांची आस ऐकल्यावर ते हसू ओसरते. ज्यांना धर्मशाळेचे जिने चढवत नाहीत, त्यांना पायी चालण्याचे माहात्म्य सांगणे हा धर्म नव्हे, निर्दयपणा आहे.

शिवाय सामान नेणे ही नवलाची गोष्ट नाही. आमच्या भागातील यात्रा पूर्वी बंडीने होत, आणि बंडीत काय नसे? कणीक, डाळ, वांगी, तेलाची बुधली, रोडगे भाजण्यासाठी गोवऱ्या, बैलांचा कडबा, पोरांच्या वाकळा. म्हणजे गृहस्थी उचलून चाकांवरच ठेवलेली. याहून मोठे उदाहरण हवे असल्यास १६७७ साली दक्षिणदिग्विजयाच्या मोहिमेत श्रीशैलास गेलेल्या शिवाजीमहाराजांचे घ्यावे: त्यांच्यामागे सैन्य आणि राज्याचा सर्व कारभार होता, तरी त्या स्थळी देह ठेवावा अशी विरक्ती त्यांच्या मनात दाटून आल्याचे परंपरा सांगते. ज्या शिखरावर कन्नड संतकवयित्री अक्कमहादेवी राजवैभव आणि अंगावरील वस्त्रदेखील टाकून आल्या, त्याच शिखरावर छत्रपती लवाजम्यासह आले. तेव्हा अंतःकरणातील त्याग बाहेरच्या ओझ्यावरून तोलता येत नाही, हे मान्य करून मी तो मुद्दा सोडून देतो.

माझी शंका निराळी आहे. बंडीत सर्व काही असे, पण पाणी नसे. दुपारी बैल सोडले की कोणाच्या तरी विहिरीवर जावे लागे, दोर मागावा लागे, सावलीसाठी कोणाच्या तरी आमराईच्या धन्याची परवानगी घ्यावी लागे. आणि त्या मागण्यातून ओळख, ओळखीतून सोयरीक, क्वचित भांडणही उपजे. यात्रेकरू परत येई तो अनेक अपरिचितांचा ऋणी होऊन. टाकी भरलेल्या घराला हे ऋण करावेच लागत नाही. ते सहाशे किलोमीटरांहून अधिक भूमीवरून, तेथील एकाही मनुष्याचे काही न लागता, निघून जाऊ शकते, आणि तेलंगण त्याच्या खिडकीबाहेर चित्रासारखे सरकत राहते.

महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना अटन आणि विजनवास यांच्या जोडीस भिक्षा सांगितली, ती केवळ उदरभरणाची सोय म्हणून नसावी असे मला वाटते. दुसऱ्याच्या उंबरठ्याशी उभे राहिल्यावाचून अहंता झिजत नाही, हे त्यांनी ओळखले असावे. (कानडी आणि तेलंग देशांत जाऊ नये, महाराष्ट्रातच असावे, अशीही त्यांची आज्ञा आहे, ती काढली तर हा सगळा बेतच बारगळेल, म्हणून त्या घरी मी ती अद्याप बोललेलो नाही.) आणि याच जिल्ह्यातून याच दिशेस गेलेला एक वाटसरू तर आमच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतला आहे. मार्च १९५१ मध्ये विनोबा पायी निघाले ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी; पुढे १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीनांनी जमीन मागितली, एका जमीनदाराने शंभर एकर देऊ केली, आणि भूदान जन्मास आले. पुढील पदयात्रेत ते गृहस्थास म्हणत, तुला पाच मुलगे असतील तर मला सहावा समज आणि माझा वाटा दे. ज्याने घर मागे ठेवले होते त्यालाच प्रत्येक घराचा मुलगा होता आले. स्वतःचे घर दारात उभे करून कोणास असे म्हणता आले असते, याचा मला संशय आहे.

म्हणून त्या कुटुंबास मी दोन सूचना केल्या. टाकी अर्धीच भरावी, आणि रोज एक जेवण गाडीबाहेर, मिळेल त्या पंक्तीत घ्यावे. श्रीशैलास तर देवस्थानाचे अन्नदान आहेच, तेथे गाडीतील शेगडी पेटवूच नये. दुसरी सूचना आजींनी लगेच मान्य केली. पहिलीवर घरातील तरुण सून, जी गाडीतील औषधांची पेटी स्वतः लावीत होती, शांतपणे म्हणाली, “काकाजी, मागून मिळालेल्या पाण्यानं आईंना जुलाब लागले, तर त्या गावचं ऋण मी कसं फेडू?” या आक्षेपास शास्त्रात उत्तर सापडते का ते पाहतो, असे मी म्हटले खरे, पण तूर्त टाकी पूर्ण भरावयाची, आणि धुण्याभांड्यांचे पाणी तेवढे वाटेत मागून घ्यावयाचे, असे ठरले आहे.