घरची पंगत : पाहुण्याच्या ताटातली साधना



सण असो, वाढदिवस असो वा मुलाच्या नोकरीचा आनंद, आपण चार माणसांना जेवायला बोलावतो. बोलावताना मन उत्साहात असते. दिवस जवळ आला की मात्र धावपळ, चिडचिड, खर्चाची चिंता आणि ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती सुरू होते. पाहुणे तृप्त होऊन जातात आणि घरातली गृहिणी थकून, न जेवता झोपते. असे जेवण देवापर्यंत पोहोचले का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

इंद्रप्रस्थातील मोठी पंगत

दिल्लीत राहणाऱ्या आपल्या साधकांना एक कथा अगदी घराजवळची आहे. जिथे आज पुराना किल्ला उभा आहे, तिथे पांडवांचे इंद्रप्रस्थ होते अशी परंपरा आहे. पहाडगंजहून ते काही किलोमीटरवरच. तिथे धर्मराजांनी राजसूय यज्ञ केला. देशोदेशीचे राजे आले. महाभारताच्या सभापर्वात या समारंभाची कामे कशी वाटून दिली होती, याचे वर्णन आहे. खाद्यपदार्थांची व्यवस्था दुःशासनाकडे, ब्राह्मणांचे स्वागत अश्वत्थाम्याकडे, राजांचा सत्कार संजयाकडे, आलेले नजराणे स्वीकारणे दुर्योधनाकडे. आणि भगवान श्रीकृष्णांनी? त्यांनी ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम स्वतःकडे घेतले. आपल्याकडे तर देवाने उष्टी पत्रावळीही उचलल्या, असे कीर्तनकार सांगत आले आहेत.

नियोजन असे असावे. यजमानाने एकट्याने सगळे अंगावर घेऊ नये. पाहुण्यांतल्या जवळच्यांनाही काम द्यावे, कारण काम दिले की माणूस परका राहत नाही. आणि सर्वांत हलके वाटणारे काम घरातल्या मोठ्याने करावे.

पण त्याच इंद्रप्रस्थात पुढे काय झाले? यज्ञानंतर दुर्योधन मयसभा पाहत फिरत होता. पाण्याला जमीन समजून तो पाण्यात पडला. भीम हसला, इतर भाऊ हसले, सेवकही हसले. धर्मराजांच्या आज्ञेने त्याला कोरडी वस्त्रे दिली गेली. पण वस्त्र बदलले, तरी झालेला अपमान गेला नाही. मत्सर मनात आधीच होता, त्या हसण्याने तो पेटला. पुढे द्यूत, १३ वर्षांचा वनवास-अज्ञातवास आणि कुरुक्षेत्र. दुर्योधनाच्या मत्सराचे समर्थन कोणी करणार नाही. तरीही यजमानाने एवढे लक्षात ठेवावे की हजार पक्वान्ने वाढली तरी पाहुण्याच्या फजितीवरचे एक हसू सगळ्या पंगतीवर पाणी ओतते. आपल्या घरी कोणाच्या पगारावर, वजनावर, न जमलेल्या लग्नावर थट्टा होत असेल, तर ती थांबवणे हे यजमानाचे काम आहे.

पक्वान्न की प्रेम?

याच्या उलट चित्र हस्तिनापुरात दिसते. शिष्टाईला गेलेल्या श्रीकृष्णांनी दुर्योधनाचे भोजन नाकारले. त्यांचे म्हणणे साधे होते : माणूस दुसऱ्याकडे जेवतो ते प्रेमापोटी किंवा संकटात सापडल्यामुळे. तुझ्या मनात प्रेम नाही आणि मी संकटात नाही. मग ते विदुराघरी जेवले. ‘विदुराघरच्या कण्या’ म्हणून आपण आजही तीच गोष्ट बोलतो. गीतेच्या १७ व्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगितले आहे : कर्तव्य म्हणून, योग्य स्थळी, योग्य वेळी, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले. ‘त्यांनी आपल्याला काय वाढले होते’ हा हिशेब मनात आला की पंगतीचा व्यवहार होतो.

पहाडगंजच्या दोन खोल्यांत

पहाडगंजमध्ये जागा लहान, जिने अरुंद. नवी दिल्ली स्टेशन हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हरिद्वारला किंवा वैष्णोदेवीला निघालेले गावाकडचे नातलग दोन गाड्यांच्या मधल्या वेळात दारात उभे राहतात. शेजारी पंजाबी, बंगाली कुटुंबे. अशा घरात पंगत कशी साधावी?

१. जागेला झेपतील तेवढीच माणसे बोलवा. वीस जणांच्या गर्दीपेक्षा आठ जणांशी बोलणे होते.

२. आधी विचारा : उपवास कोणाचा, कांदा-लसूण कोणाला चालत नाही, मधुमेह कोणाला, गाडी किती वाजता. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्ची आधीच मांडा.

३. बेत साधा ठेवा. वरण-भात, तूप, लिंबू, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, एक गोड. थंडीत दिल्लीचे मटार आणि लाल गाजर उत्तम मिळतात, त्यांचा उपयोग करा. नवा पदार्थ पाहुण्यांवर पहिल्यांदा करून पाहू नका.

४. निवडणे, भिजवणे, वाटणे आदल्या रात्री उरका. स्वयंपाक करताना नामस्मरण चालू ठेवा. चिडून केलेल्या जेवणात ती चीड उतरते.

५. नैवेद्य दाखवून, श्लोक म्हणून जेवायला बसा. आग्रह प्रेमाने एकदा करा. पान टाकायला लावणारा आग्रह म्हणजे अन्नाचा अनादर.

६. रांधणाऱ्या हातांनाही पंगतीत बसवा. दुसऱ्या पंगतीला पुरुषांनी वाढावे. भांडी घासायला येणाऱ्या ताईंना उरलेले शिळे नको, आधी काढून ठेवलेले गरम ताट द्या.

पंगत म्हणजे समता

पहाडगंजहून जवळच बंगला साहिब गुरुद्वारा आहे. १६६४ मध्ये गुरू हरकिशन तिथे राजा जयसिंहांच्या बंगल्यात राहिले आणि त्यांनी आजाऱ्यांची सेवा केली. आज तिथल्या लंगरमध्ये श्रीमंत आणि हातगाडीवाला एकाच ओळीत बसतात. आपल्या संत नामदेवांची पदे ज्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत, त्या परंपरेची ही पंगत आहे. पैठणला एकनाथ महाराजांनी श्राद्धाचा स्वयंपाक दारातल्या भुकेल्यांना आधी वाढला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती ऐकून डोळे भरतात, पण आपल्या निमंत्रणाच्या यादीत तसे एखादे नाव असते का?

पुढच्या वेळी यादी कराल तेव्हा एक ताट अशा माणसासाठी ठेवा, जो तुम्हाला परत बोलावू शकणार नाही. जिन्याखाली बसणारा चौकीदार, गावाहून शिकायला आलेला एकटा विद्यार्थी, मुले परदेशी असलेल्या शेजारच्या आजी. त्यांना शेवटी नको, सर्वांसोबत बसवा. त्यांच्या ताटात तूप वाढताना हात थोडा सैल ठेवा. तीच त्या दिवसाची पूजा समजा.